बांधावरची थोरली

आमच्या गावात बारशाआधी गेलेल्या लेकराला नाव नसतं. त्याला जाळत नाहीत, शेताच्या कडेला पुरतात आणि पुढच्या बाळंतपणाची वाट बघतात. माझी थोरली बहीण तशीच गेली, पाचवीच्या आदल्या दिवशी. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते म्हणतात. तिला यायला उशीर झाला. तिच्या आधी माझ्या आईनं त्या डोक्यावर पाणी घातलं, आणि त्या पाण्यावरून आमच्या घरात जे सुरू झालं ते गेल्या उन्हाळ्यापर्यंत मिटलं नव्हतं.

माझी आई कॅथलिक आहे. आमच्या भावकीत ती एकटीच, आणि तिच्यामागं मी. ती जालन्याकडची. तिचे वडील मिशनच्या शाळेची गाडी चालवायचे, माझे बाबा एसटी चालवायचे. बाबांची ड्यूटी तिकडच्या डेपोला होती आणि आई रोज त्यांच्याच गाडीनं बालवाडीत शिकवायला जायची. एवढं पुरे झालं. लग्न आधी चर्चमध्ये लागलं, मग गावाकडं मांडवात. एकाच बायकोशी दोनदा लग्न करणारा डेपोत मी एकटाच, असं बाबा मिशीत हसत सांगायचे. आजीला मात्र त्याचं कधी हसू आलं नाही.

गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना 'तशी ती मनानं वाईट नव्हती' असं म्हणायची पद्धत आहे. आजीबद्दल मी ते म्हणणार नाही. आईनं मात्र त्या घरात होईल तेवढं जुळवून घेतलं. चंपाषष्ठीला भरीत-रोडगा करायची, अणदूरच्या खंडोबाला जाताना सासूची पिशवी आपल्या खांद्याला लावायची. देव्हाऱ्याखालच्या कोनाड्यात तिची मारियामाई होती, निळ्या पदराची, एक बोट तुटलेली. चर्चमधल्या मिस्सेला, म्हणजे उपासनेला, जायचं तर सोलापूर गाठावं लागे, म्हणून नाताळ आणि ईस्टर तेवढा जमायचा. बाकी वर्षभर तिची जपमाळ चुलीपुढं चालायची. हात पिठात असल्यामुळं मणी ओढता येत नसत, म्हणून ती भाकरीगणिक एक 'नमो मरिया' म्हणायची. पाहुणे आले की भाकरी वाढायच्या, तशी प्रार्थनाही वाढायची.

आणि क्रूस. घरातून कुणीही बाहेर निघालं की आई अंगठ्यानं त्याच्या कपाळावर क्रूस काढते. हात पिठाचा असला तर पिठाचाच. शाळेत बाई विचारायच्या, आज कुठला उपवास गं, भस्म लावून आलीस? बाबांच्या कपाळावरचा क्रूस ड्यूटीच्या टोपीखाली झाकला जायचा, पण ते तो पुसत नसत. मी आता धाराशिवला हायस्कुलात शिकवते, केस पांढरे व्हायला लागलेत, तरी सोमवारी सकाळची गाडी धरायच्या आधी मान खाली घालून तिच्यापुढं उभी राहते. देवावर माझा विश्वास किती ते मला विचारू नका. त्या अंगठ्यावर आहे.

थोरलीचं मी पाहिलेलं नाही. आईनं सांगितलेलं आहे, आणि आई पदरचं घालून सांगत नाही. माहेर लांब, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. चौथ्या दिवशी सकाळपासून बाळानं दूध ओढायचं सोडलं. दुपारी ओठ निळे पडले. बाबा ड्यूटीवर होते, आजोबा जीप बघायला बेंबळीला गेलेले. आई लहान असताना तिच्या आईनं तिला एक गोष्ट शिकवून ठेवली होती. फादर जवळ नसतील आणि जीव जायला लागला असेल, तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं. पाणी पाहिजे आणि मनापासून द्यायचा पाहिजे. आईनं पाणी मागितलं. घरात तेव्हा माझी काकू नवी सून होती, हातातला हिरवा चुडा अजून उतरला नव्हता. तिनं तांब्या आणून दिला. आईनं बाळाला नाव दिलं आणि पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं टाळूवर पाणी घातलं. जीप दारात आली तेव्हा बाळ तिच्या मांडीवरच होतं, पण दवाखान्यात न्यावं असं काही राहिलं नव्हतं.

आमच्याकडं बाळाची टाळू म्हणजे सगळ्यात जपायची जागा. ती तेलानं भरायची, टोपड्याखाली झाकायची, तिला वारा लागू द्यायचा नाही. तिच्यावर पाणी, आणि तेही बाळंतिणीनं, हे आजीच्या डोक्यातून गेलं नाही. "टाळूवर गार पानी वतलं आन् पोर मारली," असं ती पहिल्यांदा त्याच दिवशी म्हणाली, आणि मग म्हणतच राहिली. नळावर म्हणाली, रानात म्हणाली, पाहुण्यांत म्हणाली. गावानं ते उचललं. कुणाच्या बारशाला गेली तर आईला मागं बसवायचे. तान्हं बाळ तिच्या हातात कुणी द्यायचं नाही. माझ्या वेळी तर आजीनं बाळंतिणीच्या खोलीतला पाण्याचा तांब्याच बाहेर नेऊन ठेवला होता. आईला तहान लागली की मागून घ्यायचं आणि दुसऱ्या कुणाच्या देखत प्यायचं. हे मला कळलं तेव्हा मी आठवीत होते. त्यानंतर आजीच्या पाया पडायला मी कधी वाकले नाही. काय म्हणायचं ते म्हणोत लोक.

आई कुणाशी भांडली नाही. पण गप्पही बसली नाही, हा फरक लोकांच्या लक्षात येत नाही. कुणी तोंडावर विषय काढला की ती हातातलं काम थांबवायची, त्या माणसाकडं बघायची आणि एकच सांगायची, "म्या पानी घातलं म्हणून ती गेली न्हाय. ती चालली व्हती म्हणून म्या पानी घातलं." आणि परत कामाला लागायची. ऐकणारा मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आजीचंच खरं धरायचा.

सोलापूरला एकदा म्हाताऱ्या फादरांना तिनं हे सगळं सांगितलं. मी शेजारीच उभी होते. फादर म्हणाले, "तू बरोबर केलंस, बाळा. मनात शंका ठेवू नकोस." आईनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "इचारायला न्हाय आले, फादर. सांगायला आले व्हते." मग फादरांनी सुचवलं की हवं तर लेकराला तिथून काढून इथल्या दफनभूमीत आणता येईल, रीतसर क्रूसाखाली. आई म्हणाली, "हितं ती कुणाला वळखती? ती तिथंच बरी हाय." परतीच्या गाडीत मी तिला म्हटलं, अगं, फादरांशी असं बोलतात का. तिनं तिकिटाचे सुटे पैसे मोजून माझ्या हातात दिले.

थोरली होती आमच्या रानाच्या बांधावर, बोरीच्या झाडाखाली. आईनं तिथं गोल दगड मांडले होते. बाबा दरवर्षी त्यांना चुना लावायचे. पेरणीच्या वेळी औत त्या जागेपाशी आलं की बाबा ते उचलून पलीकडं टेकवायचे, एक शब्द न बोलता. त्यांच्या आईपुढंही ते असेच एक शब्द न बोलता बसत. मला त्या चुन्यापेक्षा त्यांचे दोन शब्द जास्त हवे होते, आणि हे मी त्यांना ते असताना सांगितलंही होतं. पुढच्या वर्षी ते पुन्हा चुन्याची डबी घेऊन गेले.

नोव्हेंबरात, मृतांच्या सणाला, आई तिथं मेणबत्ती लावते. ज्वारी तेव्हा वीतभर वर आलेली असते आणि रानात वारा कुणाचं ऐकत नाही, म्हणून तेलाच्या रिकाम्या डब्याला एका बाजूनं कापून तिनं त्याचं आडोशाचं घर केलंय. मेणबत्ती त्यात बसवते आणि दगडांपाशी बसून बोलते. मारियामाईशीही बोलते, एखाद्या जुन्या ओळखीच्या बाईशी बोलावं तसं. तुझं पोर लोकांनी तुझ्या डोळ्यांदेखत मारलं, तू हलली नाहीस तिथून, म्हणून तुला सांगते, असं काहीबाही. लहानपणी मला वाटायचं, या दोघी एकाच गावच्या असतील.

आता पांढरे दगड, बांध, बोरीचं झाड आणि वर्षातून एकदा दिवा. खुरपायला येणाऱ्या बायकांनी जे करायचं तेच केलं. एके वर्षी दगडावर हळदी-कुंकू दिसलं. मग लिंबू. मग कुणाच्या तरी लेकराचा ताप उतरला म्हणून हिरव्या बांगड्या. बघता बघता माझ्या बहिणीची सटवाई झाली. मी चिडले, म्हटलं हे पुसून काढते. आई म्हणाली, "राहू दे की. कुणी कुंकू लावलं म्हणून तिला काय व्हतंय?" आजी तेव्हा होती. ज्या नातीला तिनं नाव घेऊन कधी हाक मारली नाही, तिच्या दगडाला तिनंही एकदा जाता जाता हात जोडलेले मी पाहिले.

आजी गेली, मग काही वर्षांनी बाबा गेले. रान आमच्यात आणि काकांच्यात वाटलं गेलं, आणि थोरलीचा बांध नेमका मधला ठरला. काका तसे कामाचे माणूस. त्यांना दोन्ही तुकडे सरळ करून ट्रॅक्टरला मोकळं रान करायचं होतं, पलीकडं पाइपलाइन न्यायची होती. आई म्हणाली, "बांध काढा, भावजी, आमच्या बाजूचंबी वाटल तेवढं घ्या. तेवढी जागा सोडा." काका म्हणाले, "वैनी, रानाच्या मधी एवढं बेट ठेवून ट्रॅक्टर फिरवू कसा?" असं महिनाभर चाललं. शेवटी गेल्या उन्हाळ्यात, रान मोकळं झाल्यावर, त्यांनी जेसीबी बोलावला. आईला निरोप आला तो मशीन रानात उतरल्यावर. मला मे महिन्याची सुट्टी होती, म्हणून मी घरी होते.

आम्ही पोचलो तोवर वरच्या अंगाचा बांध उकरून झाला होता. आई सरळ जाऊन बोरीच्या बुडाशी बसली, दगडांना पाठ लावून नाही, दगडांकडं तोंड करून, जशी नोव्हेंबरात बसते तशी. काका लांबून "वैनी, उठा, अंगावर माती यील," असं दोन-तीनदा म्हणाले. काकू चहाची किटली घेऊन आली होती, ती तिथंच थबकली. वाटेनं जाणारे चार जण उभे राहिले. जेसीबी चालवणारा भूमकडचा होता, पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मशीन बंद करून तो खाली उतरला, जवळ आला, आणि त्याला दगड दिसले. कुंकू दिसलं, लिंबू दिसलं. त्यानं चपला काढल्या.

"मालक," तो काकांना म्हणाला, "देव हाय का हितं?"

काकांना खोटं बोलता येईना आणि खरं सांगायचं नव्हतं. मला मात्र कसलीच अडचण नव्हती. मी पटकन म्हणाले, "व्हय, सटवाई हाय. लई कडक." त्यानं दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, मग माझ्या मशीनचा हात इथं लागायचा नाही, दुसरा कुणी बघा. उभे राहिलेले चार जणही माना हलवायला लागले. झालं होतं. इतक्या वर्षांचं त्या बायकांचं कुंकू आमच्या कामी आलं होतं, आणि मी मनातल्या मनात त्या सगळ्यांना धन्यवाद देत आईकडं बघितलं.

आई म्हणाली, "सटवाई न्हाय ती. माझी लेक हाय."

मला तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. मी वाकून तिच्या कानात म्हणाले, आई, म्हणू दे ना देव, जागा वाचतीय. तिनं मला बाजूला केलं. त्या माणसाला म्हणाली, "दादा, चार दिसाची व्हती. हितं पुरली. देव-बीव काय न्हाय, लोकांनी कुंकू लावलंय. तुमी भिऊन मागं सरू नका. सरायचं तर माझी पोर हाय म्हणून सरा."

"आई, कशाला पण," मी म्हणाले, आता मोठ्यानंच.

"तिला देव केली," आई म्हणाली, "तर मग मी कोण?"

काकांना वाट सापडली. "ऐकलं न्हवं? देव न्हाय. चल, लाव मशीन." तो माणूस जागचा हलला नाही. चपलाही घातल्या नाहीत. काकांचा आवाज चढला. ऊन, भाडं चढत चाललेलं मशीन, बघणारी माणसं, आणि पायाशी बसून राहिलेली भावजय. त्यांच्या तोंडून ते निघालंच. "पोर पोर काय लावलंय, वैनी? आई म्हणायची ते काय खोटं व्हतं का? तुमीच गार पानी घातलं टाळूवर. तुमच्याच हातानं गेली, आन् आता तिच्यापायी आमचं रान आडवता?"

मी काकांच्या अंगावर जायलाच निघाले होते. काय बोलणार होते ते आता आठवत नाही, चांगलं काही नसणार. त्याआधी मागून आवाज आला.

"गार नव्हतं."

काकू. हातात किटली तशीच. इतक्या वर्षांत चार माणसांत नवऱ्यापुढं तिनं तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. "पानी गार नव्हतं," ती परत म्हणाली. "आक्कांनी ऊन मागितलं व्हतं. चुलीवरच्या हंड्यातलं म्या आणून दिलं. बोट बुडवून बघितलं व्हतं म्या." ती मातीकडं बघत होती. "आत्याबाईंनी इचारलंच न्हाय मला. आन् मला सांगायची छाती झाली न्हाय."

मला वाटलं, आता संपलं. मी आयुष्यभर ज्या वाक्याची वाट बघत होते ते अखेर कुणीतरी बोललं होतं, तेही घरातल्याच माणसानं, तेही चार लोकांत. नळावरच्या बायकांनी, बारशात मागं बसवणाऱ्यांनी, तांब्या बाहेर नेणाऱ्या म्हातारीनं, सगळ्यांनी हे ऐकायला हवं होतं. माझे डोळे भरून आले आणि मी आईचा हात धरला. तिला रडू फुटेल असं मला वाटलं होतं.

आईचे डोळे कोरडे होते. तिनं काकूकडं बघितलं, रागानं नाही, आणि मग काकांकडं.

"ऊन व्हतं, भावजी, हे खरं," ती म्हणाली. "पण ऊन व्हतं म्हणून मी सुटले, असं समजू नका. गार असतं तरी म्या घातलं असतं. घरात पानी नसतं तर थुकी लावली असती. लेकरू माझं चाललं व्हतं. तुमच्यात बारसं व्हायच्या आत गेलं की ते कुणाचंच नसतं. मी तिला बिननावाची कशी जाऊ देऊ? मारियामाईच्या पदरात घालताना काय सांगू, हिचं काय नाव?"

जेसीबीवाल्यानं डोक्याचा टॉवेल सोडला आणि तोंड पुसलं. मग त्यानं अगदी साधेपणानं, गावात नवं माणूस आलं की विचारतात तसं विचारलं, "मावशी, काय नाव ठिवलं व्हतं?"

आईनं तोंड उघडलं आणि तिला बोलता येईना. एवढ्या वर्षांत तिला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. फादरांनी नाही, बाबांच्या भावकीत कुणी नाही. ज्या बाईनं आत्ता सगळ्या रानाला सुनावलं होतं, तिनं नुसता त्या दगडांवर हात ठेवला. मी सांगणारच होते. मला ते नाव माहीत होतं, मेणबत्तीपाशी ऐकलेलं. मला वाटायचं, बाबा गेल्यावर जगात आम्हा दोघींनाच ते माहीत आहे.

काकूनं किटली खाली ठेवली आणि नाव सांगितलं. सांगितलं ते बरोबर, आई म्हणते तसंच, शेवटचा स्वर लांबवून. त्या खोलीत तांब्या धरून उभ्या असलेल्या नव्या सुनेनं ते एकदाच ऐकलं होतं.

मग आई रडली. काकू तिच्याजवळ जाऊन मातीत बसली. काका जेसीबीवाल्याला म्हणाले, "चल, खालच्या अंगाचं काढू आधी." खालच्या अंगाचं काढून झालं, मशीन निघून गेलं, आणि बोरीखालचं बेट राहिलं. काकांनी माफी मागितली नाही. आईनंही मागितली नाही, कारण तिच्याकडं मागण्यासारखं काही नव्हतंच. ट्रॅक्टर आता तिथं वळसा घेतो आणि वळताना काका शिव्या घालतात, हे मला घरातूनही ऐकू येतं.

या नोव्हेंबरात आम्ही डबा आणि मेणबत्ती घेऊन गेलो तर काकू आधीच येऊन बसली होती. तिनं पणती आणली होती, मेणबत्ती वाऱ्यात टिकत नाही म्हणून. आईनं दोन्ही डब्यात बसवल्या. परत निघताना आईनं अंगठ्यानं माझ्या कपाळावर क्रूस काढला. काकू बाजूला उभी होती, तिनंही पदर मागं सारून कपाळ पुढं केलं.

मी थोरलीचं नाव इथं लिहीत नाही. ज्याला ते हवं असेल त्यानं आमच्या बांधावर यावं आणि माझ्या आईला विचारावं. ती आता सांगते.